रंगाची किनार की दुधट पडदा?

भिंगांवर लिहिण्याचा अधिकार पदार्थविज्ञानवाल्यांचा, आम्ही कला शाखेच्या मंडळींनी फार तर भिंगातून पाहावे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो मोडून हा लेखनप्रपंच करण्याचे कारण तसेच घडले.

गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत पाथर्डी तालुक्यातील एका गावी, ऊसतोडीला निघालेल्या मजुरांचे चित्रण करण्यासाठी गेलो होतो. कॅमेरा उसना, त्यावरचे झूम भिंगही उसनेच. पहाटेची वेळ. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, पोरेबाळे, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे नुकता वर आलेला सूर्य. सबंध ट्रॉलीपासून सुरुवात करून मी झूम वळवीत वळवीत एका बाईच्या चेहऱ्यापर्यंत गेलो. स्वतःवर खूश होतो. घरी येऊन पाहतो तो आभाळ सुरेख, शेजारच्या बैलाचे पांढरे अंग लखलखीत, आणि बाईचा चेहरा ताकात बुडवून काढल्यासारखा! पुन्हा टिपावा म्हटले, तर ती माणसे पाच-सहा महिन्यांसाठी निघून गेलेली. चैत्रात ती परतली तेव्हा मी ते चित्र तिला दाखवायला नेले. तिने ते नीट पाहिले आणि म्हणाली, "बैल वळखू येतोय, पर मी कुठं हाय रं यात?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी भिंगांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलो.

साधे बहिर्गोल भिंग निळा प्रकाश थोडा जवळ आणि तांबडा थोडा दूर एकत्र आणते. त्यामुळे वस्तूच्या कडेला रंगीत किनार दिसते. हा वर्णदोष. क्राउन काचेच्या बहिर्गोल भिंगाला फ्लिंट काचेच्या अंतर्गोल भिंगाची जोड दिली की तो बराचसा आवरतो. या जोडभिंगाचे पेटंट लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ साली घेतले. एका ठरावीक नाभ्यंतराच्या भिंगात एका भागाचा दोष दुसऱ्या भागाने फेडून घेता येतो. झूममध्ये मात्र भिंगांचे गट आतल्या आत सरकतात. एका जागी जुळलेला हिशेब दुसऱ्या जागी चुकतो. म्हणून प्रत्येक गट शक्यतो आपापल्या ठिकाणी निर्दोष करावा लागतो, म्हणजे प्रत्येक गटात जादा काचा आल्या.

आणि गोम इथेच आहे. लेप नसलेल्या साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. छायाचित्रणासाठी १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फोइग्टलेंडर कंपनीच्या 'झूमार' भिंगात १४ काचा ११ गटांत बसवल्या होत्या. म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग २२. त्यांवर लेप नसता तर पलीकडे जेमतेम ४० टक्के प्रकाश पोहोचला असता. उरलेल्यापैकी काही प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर आपटत शेवटी चित्रावर येऊन पडतो. २२ पृष्ठभागांच्या अशा जोड्या २३१ होतात! रंग सुधारायला आणलेली प्रत्येक सुटी काच दोन नवे पृष्ठभाग घेऊन येते. दोन काचा चिकटवून टाकल्या तर पृष्ठभाग वाचतात, पण मग दोघींची ती बाजू एकाच गोलाईची ठेवावी लागते आणि इतर दोष आवरायची एक संधी रचनाकाराच्या हातून जाते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

परावर्तन कमी करणारा लेप झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधला, आणि १९७० नंतर अनेक थरांचे लेप सर्रास आले. परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आले तर त्याच २२ पृष्ठभागांतून ९० टक्के प्रकाश पार होतो. कमी वर्णविस्तार करणाऱ्या खास काचा वापरल्या तर काचांची संख्याही आटोक्यात राहते. पण हे सगळे पैशाचे काम. स्वस्त भिंगात कुठे तरी हात आखडावाच लागतो, आणि प्रश्न एवढाच की कुठे?

माझे मत असे की आपल्या भागासाठी तो रंगाच्या बाजूला आखडावा. हे धाडसाचे विधान आहे, याची मला जाणीव आहे. पण हिशेब पाहा. आभाळाचा उजेड १०० धरा, पाठीमागून ऊन असलेल्या सावळ्या चेहऱ्याचा ५, केसांचा १. फ्लेअरने चित्रभर ४ची भर घातली. आभाळ १०४ झाले. त्याचे काय बिघडले? चेहरा मात्र ९ झाला आणि केस ५. पाचास एक असलेला फरक दोनास एकदेखील उरला नाही. बैल का ओळखू आला आणि बाई का नाही, ते यात आहे. फ्लेअर सगळ्यांवर सारखाच पडतो, पण बुडतो तो काळासावळा. रंगाची किनार उलट उजळ कडांना लागते, आणि बाजूकडची किनार तर आज संगणकावर बरीच पुसता येते. पडदाही संगणकाने ओढून काढता येतो म्हणतात. मी प्रयत्न केला, तेव्हा चेहऱ्याऐवजी नुसते कण वर आले.

आमचे काही मित्र म्हणतील, फ्लेअरमध्येही सौंदर्य असते. १९६९ च्या 'ईझी रायडर'मध्ये तो मुद्दाम राहू दिला आहे. असेल. मोटारसायकलवर हिंडणाऱ्याला तो शोभतो. ज्यांचा चेहरा आधीच कुणी धड पाहिलेला नाही, त्यांच्यावर आणखी एक पडदा कशाला?

सगळा दोष भिंगाचाच होता, असेही नाही. धूळ बसू नये म्हणून मी पुढे एक फिल्टर लावला होता, म्हणजे आणखी दोन पृष्ठभाग. आणि त्यावर ट्रॅक्टरची धूळ बसलेली होतीच. पुढची छत्रीही कुचकामी. झूमची छत्री रुंद दृश्याच्या मापाने कापावी लागते, नाहीतर तीच चित्रात दिसते. त्यामुळे लांबच्या टोकाला, जिथे मी तो चेहरा टिपत होतो, तिथे ती तोकडी पडते. हातातली वही भिंगावर आडवी धरली असती तरी निम्मे काम झाले असते.

'अमृतमंथन'च्या हिंदी आवृत्तीत (१९३४) चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दिसला, तो 'प्रभात'ने झूमशिवाय, लांब पल्ल्याच्या साध्या भिंगातून टिपला होता. आपल्या विभागासाठी यंदा भिंग घ्यायचे घाटते आहे, असे कानावर आहे, आणि यादीत सर्वांत वर मोठ्या पल्ल्याचे एक झूम आहे. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला भिंग घेऊन बाहेर उन्हात बोलवावे, सूर्याकडे पाठ करून एका सावळ्या माणसाला उभे करावे आणि झूम दोन्ही टोकांना फिरवून पाहावा. हवे तर मी उभा राहतो.