आधी जागा, मग कॅलिब्रेशन

"बसव रे कुठेही, नंतर कॅलिब्रेट करून घेऊ."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि गंमत म्हणजे असं बोलणारे बहुतेक वेळा आपलेच लोक असतात, म्हणजे सॉफ्टवेअरवाले. हार्डवेअरमध्ये काहीही घोळ असू दे, आपण तो कोडमध्ये निस्तरू, असा आपल्या जमातीचा एक भाबडा (आणि थोडा उद्दाम) विश्वास आहे. ऑफिसात तो खपतो. विमानात खपत नाही.

तर मंडळी, आजचा विषय जरा विचित्र आहे: घरी बांधलेल्या छोट्या विमानात मॅग्नेटोमीटर कुठे बसवायचा? म्हणाल, आमचा काय संबंध? थांबा, येतोच त्यावर.

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. आपल्याकडे हा प्रकार दुर्मिळ. इथे अमेरिकेत मात्र तो रीतसर छंद आहे. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही-७ सारखं किट खोक्यांतून घरी येतं आणि लोक वर्षानुवर्षं शनिवार-रविवार गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकत बसतात. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं हवं, एवढी सरकारची मुख्य अट. माझा एक मित्र विस्कॉन्सिनमध्ये असंच विमान बांधतोय आणि वायरिंगच्या कामाला मी त्याचा हक्काचा हमाल. सेन्सर आणि फर्मवेअर हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मॅग्नेटोमीटरचा वाद आपसूकच माझ्याकडे आला.

हा मॅग्नेटोमीटर म्हणजे विमानाचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. मुठीत मावेल एवढी डबी. ती पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजते आणि समोरच्या स्क्रीनवर विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते दिसतं. अडचण एवढीच की पृथ्वीचं क्षेत्र फार क्षीण आहे. विस्कॉन्सिनमध्ये त्याचा आडवा भाग, म्हणजे दिशा सांगणारा भाग, साधारण १८ मायक्रोटेस्ला. (मुंबईत तो ३८ च्या आसपास आहे. उत्तरेला जावं तसं क्षेत्र जमिनीत घुसत जातं आणि आडवा भाग कमी होतो.) या १८ मध्ये दिशा एक अंशाने चुकायला ०.३ मायक्रोटेस्ला पुरतात.

आता बारावीचं फिजिक्स आठवा. सरळ तारेतून १० अँपिअर करंट जात असेल तर तारेपासून १० सेंटिमीटरवर किती क्षेत्र? २० मायक्रोटेस्ला. म्हणजे एक साधी वायर पृथ्वीला भारी पडली!

विमानात १० अँपिअर कोण खातं? पिटो हीटर. पंखाखाली वेग मोजणारी एक नळी असते, तिच्यात बर्फ धरू नये म्हणून तो असतो आणि त्याची भूक दहा अँपिअरच्या घरात असते. त्याची वायर मॅग्नेटोमीटरपासून ६० सेंटिमीटरवरून गेली आणि करंट परत यायला वेगळी वायर न देता पंखाचा पत्राच वापरला, तर वाईटात वाईट स्थितीत दिशा दहा अंशांनी सरकते. आता हे बघा: हा हीटर वैमानिक कधी चालू करतो? ढगात शिरताना. म्हणजे स्वच्छ उन्हात, जिथे खिडकीतून रस्ता दिसतोय, तिथे होकायंत्र अगदी सज्जनासारखं वागणार. आणि बाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, नेमकं तेव्हाच थाप मारणार. यापेक्षा वाईट बग मी तरी पाहिलेला नाही.

यावर ठरलेलं उत्तर: कॅलिब्रेट कर. ज्या दुकानातून मित्राने वायरिंगचा हार्नेस घेतला, तिथेही हेच ऐकायला मिळालं.

कॅलिब्रेशन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. विमान सगळ्या दिशांना फिरवायचं, सेन्सरचे आकडे गोळा करायचे आणि त्यातून दोन गोष्टी काढायच्या. एक, विमानातल्या कायम चुंबकत्वामुळे आलेली ठरावीक भर. दोन, जवळच्या लोखंडामुळे क्षेत्राला आलेला वाकडेपणा. हे गणित सुंदर आहे, मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याची एक अट आहे: जे काही त्रास देतंय ते विमानाला घट्ट जखडलेलं हवं आणि सदासर्वकाळ तेवढंच हवं. इंजिन चालेल, पोलादी बोल्ट चालतील. पण चालू-बंद होणारा करंट? काठी हलवली की पुढे-मागे सरकणारे पोलादी भाग? ऑटोपायलटच्या मोटरमधलं चुंबक, जे फिरतंच? सामानाच्या कप्प्यात कुणीतरी टाकलेला स्पीकर? यातलं काहीच त्या समीकरणात बसत नाही. 

"मग प्रत्येक स्विचसाठी वेगळं कॅलिब्रेशन ठेवू!" असा एक हुशार युक्तिवादही झाला. ठेवा की. आठ उपकरणं असतील तर २५६ जोड्या होतात. शिवाय हीटरचा करंट तो किती तापलाय यावर बदलतो. शुभेच्छा :-)

आणि हे भांडण आजचं नाही, बरं का. एकोणिसाव्या शतकात लोखंडी जहाजं आली आणि होकायंत्रं भरकटायला लागली. ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये 'रेनबो' नावाच्या जहाजावर प्रयोग करून उपाय काढला: होकायंत्राजवळ मोजून-मापून चुंबकं आणि लोखंड ठेवायचं, म्हणजे जहाजाचा परिणाम पुसला जाईल. हे आजच्या कॅलिब्रेशनचंच रूप, फक्त कोडऐवजी लोखंडात. जानेवारी १८५४ मध्ये 'टेलर' हे कोरं करकरीत लोखंडी जहाज पहिल्याच सफरीत डब्लिनजवळ लँबे बेटावर आपटलं. तीनशेहून अधिक माणसं गेली. कारणं अनेक होती, पण जहाजावरची होकायंत्रं एकमेकांशी जुळत नव्हती हे त्यातलं एक. तेव्हा विल्यम स्कोर्सबी या जुन्याजाणत्या दर्यावर्दी संशोधकाने एअरींशी जाहीर वाद घातला. त्याचं म्हणणं, लाटांचे तडाखे बसून जहाजाचं चुंबकत्वच बदलतं, मग बंदरात केलेली दुरुस्ती समुद्रात कशी टिकेल? होकायंत्र वर डोलकाठीवर न्या, लोखंडापासून लांब! १८५६ मध्ये, साठी उलटल्यावर, हा माणूस 'रॉयल चार्टर' जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेला आणि आपलं म्हणणं तपासून आला. जहाजाचं चुंबकत्व खरंच बदललं होतं.

एअरी चुकीचे नव्हते. त्यांची पद्धत पुढे जगभर वापरली गेली. पण ती काय सुधारू शकते आणि काय नाही, ते स्कोर्सबीला कळलं होतं.

लांब कशाला, आपल्या अलिबागचं उदाहरण घ्या. बीचवर जाताना तिथली चुंबकीय वेधशाळा किती जणांनी पाहिली असेल? ती तिथे का आहे? आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा करंट रुळांतून परत जातो, थोडा जमिनीत झिरपतो आणि मोजमाप बिघडवतो. (विमानाच्या पत्र्यातून परत जाणारा करंट आठवला का?) तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी "आकडे नंतर दुरुस्त करू" असं म्हटलं नाही. १९०४ मध्ये त्यांनी काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं, लोखंड टाळून इमारती बांधल्या आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्याला जोडली. ट्राम आल्या १९०७ मध्ये. म्हणजे बिघाड होण्याआधी जागा बदलली! याला म्हणतात इंजिनिअरिंग.

आता शेवटचा आक्षेप: "जीपीएस आहे ना, होकायंत्र हवंय कुणाला?" जीपीएस सांगतो विमान कुठल्या दिशेला सरकतंय. नाक कुठे आहे ते तो सांगत नाही. आडव्या वाऱ्यात या दोन्हींत दहा अंशांचा फरक सहज पडतो. कंट्रोलर "हेडिंग ०९०" म्हणतो तेव्हा तो नाकाबद्दल बोलत असतो. आणि जीपीएसचा सिग्नल गेला तर हातात दुसरं काय उरतं?

मग बसवायचा कुठे? लोक दोन जागा सांगतात: शेपटाकडची पोकळी किंवा पंखाचं टोक. शेपटाकडे दिवे-बिवे कमी असतात, पण सुकाणूच्या पोलादी केबल, ऑटोपायलटची मोटर आणि सामानाचा कप्पा जवळ असतो. पंखाचं टोक या सगळ्यापासून लांब, पण तिथे दिवे असतात. माझं मत पंखाच्या टोकाला, आणि तेही पिटो नळी नसलेल्या पंखाच्या. मात्र दिव्याला परतीची वायर वेगळी द्यायची आणि दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ घालायचा, म्हणजे त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. जवळचे स्क्रू पितळी.

पण माझ्या मतावरही विसंबू नका. मोजा! सेन्सर लांब वायरवर घ्या, जागेवर चिकटपट्टीने लावा, आणि एकेक स्विच चालू-बंद करा. काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवा. फ्लॅप खाली-वर करा. आकडा ०.३ च्या वर हलला की जागा बाद. गार्मिनच्या जी३एक्समध्ये यासाठी ठरलेल्या क्रमाची चाचणीच दिलेली आहे. दुर्दैव असं की लोक ती शेवटी करतात, सगळं जागच्या जागी बसल्यावर. तेव्हा नापास झालं तरी कोण उकलतंय? मग होतंच ते, "चालतंय की".

कारखान्यातून आलेल्या विमानात ही जागा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. स्वतः बांधणाऱ्याला ती निवडायचं स्वातंत्र्य असतं, पण पंखाचा शेवटचा पत्रा रिव्हेट होईपर्यंतच. तोवर मोजायला एक शनिवार लागतो. एवढा वेळ आपण नुसत्या मीटिंगांमध्ये घालवतो राव.