कैचीचे गणित आणि आपली मुले

सोयगाव तालुक्यातील मुलांना अजिंठा नवा नाही. तरीही सहलीला गेलो की १९ आणि २६ क्रमांकाच्या चैत्यगृहांत मी त्यांना मान वर करायला लावतो. छतावर दगडी फासळ्या ओळीने कोरलेल्या आहेत. त्या काहीच पेलत नाहीत. ती लाकडी छतांची दगडात जपलेली आठवण आहे. मग भार पेलणारे छत कसे ओळखावे? इतिहासाच्या शिक्षकाची हद्द येथे संपते. उत्तर मात्र आपल्या वसतिगृहाच्या पत्र्याखालीच आहे : लोखंडी कैची.

आठ मीटर रुंद खोलीवर तीन मीटर उंचीची साधी त्रिकोणी कैची घ्या. प्रत्येक तिरपा दांडा पाच मीटरचा होईल. दांड्यांचे स्वतःचे वजन सोडून शेंड्यावर ६०० किलोचा भार धरा. कैची स्थिर आहे, म्हणजे प्रत्येक सांध्यावरील बलांची बेरीज उभ्या दिशेत शून्य आणि आडव्या दिशेतही शून्य. दोन्ही भिंती प्रत्येकी ३०० किलो उचलतात. आता भिंतीवरील एकच सांधा पाहा. भिंतीच्या ३०० ला उत्तर देणारा तिरपा दांडाच आहे. त्याच्या दाबाचा तीन-पंचमांश भाग ३००, म्हणून दाब ५००. त्याचा चार-पंचमांश, म्हणजे ४००, भिंतीला बाहेर रेटू पाहतो; तो खालचा आडवा दांडा ताणाने रोखतो. पत्रा वाचवण्यासाठी उंची निम्मी केली, तर हाच ताण ८०० होतो.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी वेल्डिंगच्या कामात आहेत. हात पक्का, पण आकडा दुसऱ्याच्या कागदावर. एका वस्तीतील सभागृहात मंचाच्या आड येतो म्हणून आडवा दांडा कापलेला मी पाहिला आहे. भिंतींना वरच्या कडेला तडे गेले होते. कापणारा निष्काळजी नव्हता. तो दांडा काय करतो, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

आपण प्रेरणेची भाषणे फार करतो; मीही करतो. दहावीचे त्रिकोणमिती पाठांतराने उरकून, गणित आपल्या मुलांना झेपत नाही असे म्हणणे मला मान्य नाही. तो धडा कैचीखाली बसून शिकवावा. खर्चही नाही : पन्नास सेंटीमीटरच्या दोन हलक्या पट्ट्या, पायांखाली काचेच्या गोट्या आणि आडव्या दांड्याच्या जागी ताणकाटा. शेंड्याला ६०० ग्रॅम टांगले, पाय ऐंशी सेंटीमीटरवर ठेवले, की काट्याने ४०० दाखवावेत.

मुलींनी केले तेव्हा ३८० दाखवले. उरलेले वीस गोट्यांच्या घर्षणाने घेतले की मोजताना पाय सरकले, यावर त्यांचे एकमत अजून झालेले नाही.