पोळपाट-लाटण्याशिवायचे स्वयंपाकघर

नागपुरात रोजच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने फ्लॅट देणाऱ्यांच्या जाहिरातींत 'सुसज्ज किचन' हे शब्द आता सर्रास दिसतात. प्रत्यक्षात ओट्यावर इंडक्शनची शेगडी, एक नॉनस्टिक पॅन, इलेक्ट्रिक केटल, चार मग आणि चहा-साखरेच्या पुड्या असतात. फ्रीज असतो, कुठे मायक्रोवेव्हही असतो. पोळपाट-लाटणे नसते, तवा नसतो, कुकर नसतो, चिमूटभर मीठही नसते. एवढ्या सामानात चहा होतो, नूडल्स होतात, ऑम्लेट होते. वरण, भात, भाजी, पोळी होत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. आल्या दिवशी संध्याकाळी, बाजार गाठावा न लागता, पाहुण्याला आपले साधे जेवण जिथे रांधता येत नाही, त्या जागेचे भाडे स्वयंपाकघराच्या नावाने घेऊ नये. आणि काय ठेवायचे याचा विचार हॉटेलच्या खोलीपासून सुरू न करता पाहुण्याच्या ताटापासून सुरू करावा.

हे ताट कोणाचे, हे आधी पाहू. स्वयंपाकाची सोय असलेल्या सुटीच्या घराची कल्पना आपल्याकडे कोकण-गोव्याकडून आली. तिथला पाहुणा हौसेने एखादवेळ मासळी आणून शिजवतो, एरवी बाहेर जेवतो. नागपुरात मात्र ओट्यापाशी उभा राहणारा माणूस बहुधा गरजेपोटी उभा असतो. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९४७ पासून आहे. तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मिहानमधल्या एम्सचे ११ डिसेंबर २०२२ रोजी रीतसर लोकार्पण झाले. पुढच्या वर्षी जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे उद्घाटन झाले. गडचिरोली-गोंदियाकडून, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडून आणि छत्तीसगडमधून येणाऱ्या रुग्णांसाठी नागपूर हे जवळचे मोठे ठिकाण आहे. वर्धा रोडवरचे आणि मेडिकल चौकाच्या आसपासचे कितीतरी फ्लॅट त्यांच्याच नातेवाइकांवर चालतात. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, आणि अनेकदा पाच-सहा आठवडे चालते. इतके दिवस राहणाऱ्या कुटुंबाला पर्यटक म्हणता येत नाही. ते तेवढ्या काळापुरते आपले घर नागपुरात हलवत असते.

शिवाय या घरातले जेवण हा उपचाराचाच भाग असतो. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताजे, पूर्ण शिजलेले अन्न द्या, उकळलेले पाणी द्या, उघड्यावरचे काही देऊ नका, असे डॉक्टर सांगतात. किडनीच्या रुग्णाची भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे लागते. त्यासाठी मोठा गंज आणि चाळणी हवी. तोंड आलेल्याला मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी लागते. मधुमेह्याला वेळेवर पोळी लागते, आणि मिठाचे प्रमाण कमी ठेवायचे असेल तर स्वयंपाक आपल्याच हातात असावा लागतो. खानावळीचा डबा यातले काहीच पाळू शकत नाही, कारण तो पन्नास जणांसाठी एकाच चवीचा शिजतो. म्हणून 'आजूबाजूला डबेवाले भरपूर आहेत' हे उत्तर आम्हाला पटत नाही. डबा हवा असता तर या कुटुंबाने स्वयंपाकघरासाठी जादा पैसे मोजून तुमचा फ्लॅट घेतलाच नसता. लॉजची खोली त्याला स्वस्त पडली असती.

पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याला जाणारे पाहुणे वेगळे, पण त्यांचीही अडचण ओट्यापाशीच येते. सकाळच्या सफारीसाठी त्यांना पहाटे तीन-चारला निघावे लागते. त्या वेळी कोणतेही हॉटेल उघडे नसते. त्यांना थर्मास हवा, झाकण घट्ट बसणारे डबे हवेत, दहा मिनिटांत चहा आणि पोहे होतील अशी मांडणी हवी. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी येणाऱ्यांचीही गरज साधारण हीच.

मग यादी कोणी ठरवायची? सरकारी योजनांत ती सापडत नाही, आणि याचे कारण समजण्यासारखे आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची होमस्टे योजना एक ते सहा खोल्यांच्या, मालक स्वतः राहत असलेल्या घरांसाठी आहे. गोल्ड आणि सिल्व्हर श्रेणी देताना तिथे स्वयंपाकघर स्वच्छ, धूरमुक्त, किडा-मुंगीविना आहे का हे पाहतात. पण ते यजमानाचे स्वयंपाकघर असते आणि त्यातून पाहुण्याला न्याहारी मिळायची असते. आपल्या राज्याच्या निवास व न्याहारी योजनेचा भरही, नावातच आहे तसा, न्याहारीवर आहे. पाहुणा स्वतः रांधणार असेल तर ओट्यावर काय असावे, हा प्रश्न या योजनांनी स्वतःला विचारलेला नाही. फ्रान्सने तो विचारला. सुटीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना तिथे एक ते पाच तारे देतात. त्याच्या १३३ निकषांत माणशी किती ताटल्या आणि किती पेले इथपासून पातेली, झाकण, चाळणी, भाजी सोलायचे सोलाणे, पाव कापायची सुरी, कोशिंबिरीचा वाडगा आणि बाटलीचे बूच काढायचा स्क्रूसुद्धा नावानिशी लिहिला आहे. त्या यादीकडे नीट पाहिले तर फ्रेंच माणसाचे जेवणाचे टेबल डोळ्यासमोर उभे राहते, आणि त्या यादीची ताकद तिथेच आहे. आपण पॅन, केटल आणि मग ही उसनी यादी उचलली, आणि तिच्यातून आपले ताट उभे राहत नाही.

आपल्या ताटावरून निघालो तर यादी आपोआप सुचते. कणीक मळायला परात, पोळपाट-लाटणे, लोखंडी तवा, चिमटा. तीन आणि पाच लिटरचे दोन कुकर. फोडणीला कढई आणि एक लहान कढले. दूध तापवायला जाड बुडाचे पातेले, कारण नागपूरच्या मेमध्ये, जिथे २०१३ साली पारा ४७.९ अंशांवर गेला होता, न तापवलेले दूध दुपारपर्यंत टिकत नाही. सांडशी, सराटा, झारा, डाव, किसणी, धारदार सुरी. बोथट सुरी हा भाड्याच्या घरांतला सगळ्यात जुना रोग आहे. मीठ, हळद, तिखट, मोहरी-जिरे, तेल, साखर, चहापत्ती. माणशी दोन ताटे आणि चार वाट्या, कारण वरण, भाजी, ताक एका वाटीत मावत नाही. पिण्याच्या पाण्याचे फिल्टर आणि एक माठ. उन्हाळ्यात कूलरची हवा ओट्यापर्यंत पोहोचते का, की ती फक्त दिवाणखान्यात फिरते, हेही पाहिले पाहिजे. मे महिन्यात बंद खिडकीच्या आणि एक्झॉस्ट नसलेल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला नॉनस्टिकच्या चकचकीत पॅनचे काही अप्रूप नसते.

यादीत वस्तू असणे आणि वस्तू उपयोगी पडणे यात अंतर असते, आणि ते अंतर इंडक्शनपाशी सगळ्यात ठळक दिसते. इंडक्शनवर साधे ॲल्युमिनियम तापत नाही. शेगडी इंडक्शनची आणि कुकर-कढई ॲल्युमिनियमची, अशी जोडी पुष्कळ फ्लॅटमध्ये आहे. पाहुणा बटणे दाबतो, शेगडी टुकटुकत राहते आणि शेवटी तो चहा केटलमध्ये उकळतो. लोखंडी तवा चालतो, पण त्याचे बूड सपाट हवे. आपला नेहमीचा खोलगट तवा नीट टेकत नाही. दोन हजार वॅटची शेगडी मोबाइलच्या चार्जरशेजारच्या सहा अँपियरच्या प्लगवर लावू नये, तिला सोळा अँपियरचा वेगळा प्लग द्यावा. आणि वळिवाच्या वादळात वीज गेली की शेगडीही गेली, म्हणून गॅस ठेवणे चांगले. मात्र घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर भाड्याच्या जागेत ठेवणे नियमात बसत नाही. व्यावसायिक जोडणी १९ किलोच्या सिलिंडरची असते, आणि छोट्या फ्लॅटसाठी बाजारभावाने मिळणारे पाच किलोचे सिलिंडर पुरते. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायचीच असते, तिच्यावर छापलेली तारीख पाहून घ्यावी.

या सगळ्यावर मालकांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. वस्तू चोरीला जातात, हा पहिला. जातात हे खरे. पण स्टीलचे ताट, लाटणे, सराटा यांची किंमत एका रात्रीच्या भाड्यापुढे किरकोळ आहे, आणि कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेली सामानाची यादी निम्मी चोरी थांबवते. उरलेली निम्मी म्हणजे धंद्यातली घट समजावी, जशी चादरींची समजतो. कुकर फुटेल, ही भीती जास्त गंभीर आहे, कारण तिथे माणूस भाजतो. पण तिच्यावर उपाय कुकर न ठेवणे हा नव्हे. फेब्रुवारी २०२१ पासून देशात घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तसाच कुकर घ्यावा, दरवर्षी रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावा, आणि प्रत्येक पाहुणा गेल्यावर शिटीचे छिद्र मोकळे आहे की नाही हे सफाई करणाऱ्या बाईंकडून तपासून घ्यावे. या तपासणीचे त्यांना वेगळे पैसे द्यावेत. आजच्या पगारात आपण त्यांच्याकडून फक्त लादी पुसण्याची अपेक्षा धरतो आणि मग ओटा चिकट राहिला म्हणून तक्रार करतो.

उघड्या डब्यातले तिखट-मीठ आधीच्या पाहुण्याने वापरलेले असते, ते रुग्णाच्या घराला कसे द्यायचे, असाही प्रश्न येतो. तो रास्त आहे. लहान बंद पाकिटे ठेवावीत आणि फोडलेली पाकिटे पाहुण्याबरोबर जाऊ द्यावीत. 'आता ॲपवरून दहा मिनिटांत सगळे येते' असे तरुण मालक सांगतात. मीठ येते, पोळपाटही कदाचित येईल. पण दिवसभर ओपीडीत बसून, रिपोर्टांची थैली घेऊन रात्री नऊला फ्लॅटवर आलेल्या बाईने दोन आठवड्यांसाठी परात विकत घ्यावी असे म्हणणे म्हणजे आपले काम तिच्यावर ढकलणे झाले. सामिष आणि शाकाहारी भांड्यांचा प्रश्न मात्र सामानाने पूर्ण सुटत नाही. वेगळा रंग दिलेल्या मुठींचे दोन संच ठेवता आले तर ठेवावेत; नाही तर फ्लॅटमध्ये सामिष शिजते की नाही हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहावे. दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांना ते कळण्याचा हक्क आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: आम्ही धर्मशाळा चालवत नाही. हे वाक्य विदर्भात तरी जपून उच्चारावे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या करून गेले, आणि दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण राहतात. परगावी आजारी पडलेल्याला काय लागते हे जाणणाऱ्यांची ही परंपरा आहे आणि ती आपल्या धंद्याची थोरली बहीण आहे. पण हिशेब नफ्याचाच करायचा म्हटले तरी तो आमच्याच बाजूने पडतो. सहा आठवडे राहणाऱ्या कुटुंबात मधल्या रिकाम्या रात्री नसतात, दर दोन दिवसांनी चादरी धुवाव्या लागत नाहीत, पोर्टलचे कमिशन एकदाच जाते, आणि पुढच्या तपासणीला ते कुटुंब थेट फोन करते. ते कुटुंब टिकते की तिसऱ्या दिवशी दुसरी जागा शोधते, हे सोफ्याच्या रंगावर ठरत नाही.

म्हणून फ्लॅट देणाऱ्या प्रत्येकाने एक चाचणी स्वतः करावी. घरून काही न नेता, हातात फक्त कणीक, तांदूळ, तूरडाळ आणि एक जुडी पालक घेऊन आपल्याच फ्लॅटमध्ये जावे आणि चार माणसांचा स्वयंपाक करून जेवावे. ज्या ज्या क्षणी हात थांबेल त्या त्या क्षणी काय नव्हते ते कागदावर लिहावे. हे कागद आमच्याकडे पाठवले, तर हिवाळी अधिवेशनाआधी नागपूरसाठी एक किमान यादी या मासिकात छापता येईल. मग 'सुसज्ज किचन' लिहिताना मालकाने ती यादी पाळली आहे की नाही, हे पाहुण्याला बुकिंगआधी विचारता येईल.