जरा टेकली, एवढंच?

आठवडाभर बॉसने कितीही पिडलं, तरी रविवारी शीड उभारलं की माझं सगळं टेन्शन वाऱ्यावर! पण होडीची कील, म्हणजे तळाखालचं ते जडशीळ पातं, रेतीला किंवा खडकाला लागलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'काही नाही गं, जरा टेकली.' मला या 'जरा'चीच भीती वाटते.

का, ते सांगते. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला निघालेल्या 'चीकी रफीकी'ची कील भर अटलांटिकमध्ये निखळली. चौघांपैकी कुणीच परतलं नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ च्या अहवालात बजावलं, की हलक्या टेकण्यानेही होडीच्या आतला सांगाडा तळापासून सुटू शकतो आणि ते चटकन लक्षातही येत नाही.

मग बघायचं काय? कील अडली की तिची मागची बाजू वर, तळात घुसू पाहते आणि पुढचे बोल्ट ताणले जातात. म्हणून आधी आतल्या फळ्या उचला. कीलच्या पुढे-मागे बारीक चिरा आहेत? बोल्टभोवती गंज, ओल? मग होडी क्रेनने उचलून घ्या. सांध्यात फट दिसतेय? कील टोकाला धरून हलवली तर हलतेय? यातलं एक जरी 'हो' आलं, तर थेट सर्व्हेयरला बोलवा. वर रंगाचा हात मारून मोकळं होऊ नका!

एक रविवार होडी किनाऱ्यावर राहिली तर काय बिघडतं? सोमवारी ऑफिसात सगळे हजर हवेत, बस्स.