ताप बैलाला, डाग म्हशीला

मागच्या लेखात थंडीतल्या खाण्यापिण्याविषयी लिहिलं होतं. आज थंडीचाच, पण जरा वेगळा विषय. ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांनी तर वाचावाच, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आमच्या आदिलाबादची थंडी तुम्हां वाचकांना ठाऊकच आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात आणि पौषात रात्री दहाच्याही खाली. अशाच एका रात्री दोनच्या सुमारास आईला दम लागला. पंप देऊनही श्वास बसेना. सौ.नं तिला शालीत गुंडाळलं आणि मी गाडीकडे धावलो. किल्ली फिरवली तर नुसता ‘टक्’ असा आवाज. पुन्हा फिरवली, तेवढाही आवाज नाही. शेजारची दोन पोरं उठून आली, त्यांनी कोपऱ्यापर्यंत धक्का मारला. पण हल्लीच्या गाड्यांत इंधनाचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी पुरती बसली असेल तर धक्का मारून काही होत नाही. शेवटी समोरच्या काकांनी आपली गाडी काढली आणि आम्ही दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत.” ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी कापरंच भरलं.

कारण ती बॅटरी नवी होती. अवघ्या दोन महिन्यांची! तिच्या आधीची बॅटरी अशीच दर आठवड्याला बसायची, म्हणून दिवाळीनंतर ती बदलली. आता हीही बसायला लागली. बॅटरीच खराब निघाली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

आमच्या सौ.चं माहेर भालकीचं. चार दिवसांनी सासऱ्यांचा आईच्या तब्येतीची चौकशी करायला फोन आला, तेव्हा त्यांनाही हेच गाऱ्हाणं ऐकवलं. ते हसून म्हणाले, “अळियंदिरे, एत्तिगे ज्वर बंदरे एम्मेगे बरे!” बैलाला ताप आला आणि डाग दिला म्हशीला. आपण मराठीत म्हणतो ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तेच हे. पुढे म्हणाले, “दोन बॅटऱ्या एकाच रीतीनं मेल्या, तर दोष बॅटरीचा कसा?”

एम.ए. झालेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. असो.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्तरींकडे गेलो. चाचांनी पाना हातात घेतला नाही, आधी प्रश्न विचारले. “सर, गाडी रोज चालवता का?” म्हटलं, “नाही, कॉलेजला स्कूटरवर जातो. गाडी रविवारी निघते.” “रोज चालवली तर सुरू होते?” आठवून पाहिलं. खरंच की! सुट्टीत रोज फिरलो तेव्हा एकदाही अडली नव्हती. तीन-चार दिवस उभी राहिली की अडायची. चाचा म्हणाले, “मग बॅटरी मरत नाही सर, तिला कुणीतरी मारतंय.”

त्यांनी क्रमानं केलेली तपासणी इथे देतो, कारण ती कुणालाही समजेल अशी आहे.

पहिलं, बॅटरीची टोकं. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल किंवा पकड सैल असेल तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. गाडी बंद करून आधी उणे आणि मग अधिक टोक सोडायचं, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसायचं, कोरडं करायचं. जोडताना उलट, आधी अधिक आणि शेवटी उणे. वरून थोडं व्हॅसलीन.

दुसरं, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मीटर लावायचा. या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

तिसरं, इंजिन सुरू करून पुन्हा मोजायचं. आता मीटरनं साधारण १३.८ ते १४.५ दाखवायला हवं. तसं दिसलं तर आल्टरनेटर बॅटरी भरतोय. इंजिन चालू असतानाही आकडा बाराच्या आसपासच राहिला, तर दोष भरणाऱ्यात आहे. आमचा ठीक होता.

चौथी पायरी महत्त्वाची. गाडी बंद, किल्ली काढलेली, दारं कुलूपबंद. बॅटरीची उणे तार सोडून मधे अँपिअर मोजणारा मीटर जोडायचा आणि अर्धा तास थांबायचं. घड्याळ, अलार्म यांना थोडी वीज लागतेच. ती बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या आत असते. आमच्या मीटरनं दाखवले ४०० हून जास्त! चाचा एकेक फ्यूज काढत गेले. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन खाली आला.

पण दिवा तर एकही लागलेला दिसेना. मग त्यांनी माझाच मोबाइल मागितला, चित्रीकरण सुरू करून डिक्कीत ठेवला आणि झाकण लावलं. मिनिटानं काढून पाहिलं, तर डिक्कीतला दिवा आत एकटाच जळत होता! दिवाळीला भालकीहून देगलूरमार्गे येताना डिक्कीत ज्वारीचं पोतं कोंबलं होतं. त्या रेट्यानं झाकणाचं बटण वाकलं असणार, असं मी मनाशी म्हटलं. मग आठवलं, जुनी बॅटरी तर त्याआधीपासूनच बसत होती. म्हणजे बटण आधीच बिघडलेलं होतं आणि बिचारं पोतं निर्दोष. लगेच दुसऱ्याला दोष द्यायची सवय काही सुटत नाही!

हिशेब करा. पाच वॅटचा दिवा म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर. चोवीस तासांत झाले जवळपास दहा अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ ची. दोन दिवसांत निम्मी, साडेतीन दिवसांत संपली. आणि एकदा पार रिकामी होऊन तशीच पडून राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर गंधकयुक्त थर घट्ट बसतो व तिची ताकद कायमची घटते. म्हणजे तीस रुपयांच्या बटणापायी मी एका बॅटरीचा जीव घेतला आणि दुसरीचा घ्यायला निघालो होतो.

थंडीचा दोष अजिबात नाही असंही नाही. गारठ्यात आतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनचं तेल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जोर जास्त लागतो. पण बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो आपला उन्हाळा. मे महिन्यात झिजलेली बॅटरी डिसेंबरात उघडी पडते. म्हणून तीन-चार वर्षांची झाली की दिवाळीच्या आसपास ती तपासून घ्यावी. पाणी घालायची असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, नळाचं नको. आणि बसलेली बॅटरी दहा मिनिटांच्या फेरीत भरत नाही, ती चार्जिंगलाच लावावी.

दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. लाल तार आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी, विडी-काडी जवळ नको. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानातच परत करा. शिसं लेकरांना फार बाधतं, आणि परत देण्याचा कायदाही आहे.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट मी शिकलो ती अशी, की रात्री-अपरात्री आजारी माणूस घरात असेल तर नुसत्या गाडीच्या भरवशावर राहू नये. आता १०८ चा आणि समोरच्या काकांचा नंबर आईच्या उशाशी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय.

आई आता बरी आहे. फक्त रोज झोपताना आतल्या खोलीतून हाक येते, “अरे, डिक्कीतला दिवा विझला का बघितलंस?” आणि मी मुकाट्यानं उठून बघून येतो.