बाटली बाळाची, ड्युटी मात्र एकट्या आईची?

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलतो. राग आला तर कमेंटमध्ये काढा.

'बिझी पालकांसाठी बाटलीने दूध पाजायच्या सोप्या युक्त्या' असे रील सध्या रोज फिरताहेत. नाव पालकांचं, पण बाटली धुताना, पाणी उकळताना, रात्री दोनला उठताना दिसते फक्त आई. बाप बहुतेक शूटिंग करत असावा!

पहिले सहा महिने आईचंच दूध, यावर माझा वाद नाही. म्हणूनच तर 1992 च्या कायद्याने बाळाच्या दूध पावडरीची आणि बाटलीची जाहिरात बंद केली. डब्यावर बाळाचा फोटोसुद्धा चालत नाही. पण 2017 मध्ये मिळालेली 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा कोणाला मिळते? दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला तो कायदा लागूच नाही. आता जळगावच्या फुले मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर फिरा आणि मोजा, किती दुकानांत दहा माणसं दिसतात. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला तर रजा देणार कोण? कोणाला दूधच पुरत नाही. अशा आईने बाटली घेतली तर तिला नावं ठेवणारे आपण कोण?

आता मुद्द्याचं. बाटलीचा खरा फायदा एकच. ती आईशिवाय दुसऱ्यालाही देता येते. बापाला देता येते. आजोबांना देता येते. मग बाटली आली तरी आईचं काम कमी न होता उलट वाढतं कसं?

कारण आपल्याकडे बाळ हसतं तेव्हा ते घराण्याचा वारस असतं. रडायला लागलं की खाटेवरून आवाज येतो, "तुना पोऱ्या रडी ऱ्हायना!" तुना? आणि तुमचा कोण लागतो भाऊ?

हे काम काही अवघड नाही, पण हलगर्जी चालत नाही. हात साबणाने धुवा. बाटली, निप्पल ब्रशने घासून उकळा. दूध पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून ते 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडरीत घाला, मग बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. माप डब्यावर लिहिलंय तेवढंच. डबा पुरवायला पातळ केलंत तर बाळ उपाशी राहतं. उरलेलं दूध दोन तासांनंतर फेकाच. आपल्या उन्हाळ्यात तर तेवढीही वाट बघू नका. बाहेर जाताना उकळतं पाणी थर्मासमध्ये, मोजलेली पावडर कोरड्या डबीत न्या. रात्री काळजी घ्यायची ती एवढीच. मोटारसायकलचा प्लग साफ करता येतो त्या माणसाला बाटली धुता येत नाही, हे मी मानणार नाही.

दोष एकट्या बापाचाही नाही. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत तशी सक्ती नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो आईसाठी, आणि तसाच असायला हवा. पण बाळाला घेऊन एकटा निघालेल्या बापाने बाटली कुठे धुवायची, गरम पाणी कुठे मागायचं? चहाच्या टपरीवर?

म्हणून मागणी साधी आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगावच्या स्टँडवर हिरकणी कक्षाबरोबरच बाहेर एक स्वच्छ नळ, गरम पाणी आणि बसायला बाकडं द्या, आईबाप दोघांनाही वापरता येईल असं. त्याला करोडोचा निधी लागत नाही. पुढची निवडणूक येईल तेव्हा मतं मागायला येणाऱ्या भाऊ-दादांना हे विचारा.

आणि तोवर? पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर भांडा. पण त्याआधी मोरीत पडलेली बाटली धुऊन या.