डिस्क दिसेना? आधी वीज तपासा, ‘फॉरमॅट’ला हात लावू नका

दूध संस्थेचा सचिव, लग्नसराईत रात्रंदिवस शूटिंग करणारा छायाचित्रकार आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, या तिघांची एक तक्रार सारखीच असते. बंद पडलेल्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क ॲडाप्टरला लावली, ॲडाप्टर हबला जोडला, हब लॅपटॉपला. दिवा लागला, लॅपटॉपने ‘टुंग’ असा आवाजही केला. पण डिस्क काही दिसत नाही. मग शेजारचा कुणी जाणकार सल्ला देतो, ‘फॉरमॅट मारून बघ की.’ खरे नुकसान इथे होते.

संगणकाने डिस्क न दाखवणे आणि डिस्कवरची माहिती जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे कारण अनेकदा किरकोळ असते: अपुरी वीज, खराब केबल, न जुळणारा ॲडाप्टर. दुसरी मात्र बऱ्याचदा आपणच घाईत ओढवून घेतो.

वारणानगरला हा विषय परका नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या या गावात १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावे त्याने संगणकाने जोडायला घेतली. आपल्या उसाची नोंद गावातच पडद्यावर दिसावी, ही कल्पना त्या काळात देशभर गाजली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले. सात गावांतल्या आठ महिन्यांच्या चाचणीत ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना जास्त पसंतही पडले. गावात ठेवलेला संगणक सांभाळणे किती जिकिरीचे असते, हे या भागाने इतरांच्या आधी पाहिले आहे. यंत्र बदलले तरी नोंद टिकली पाहिजे. आज ती नोंद बहुधा एखाद्या कपाटातल्या हाताच्या पंजाएवढ्या डिस्कवर असते.

दरवाजे दोन, कड्याही दोन

‘हॉट-स्वॅप’ म्हणजे यंत्र चालू असताना डिस्क लावणे आणि काढणे. साटा डिस्कच्या टोकाकडच्या सोनेरी पट्ट्या नीट पाहा. काही पट्ट्या इतरांपेक्षा किंचित लांब दिसतील. त्या आधी टेकतात, म्हणजे अर्थिंग आधी जुळते आणि वीज मागून येते. चालू यंत्रात डिस्क खोचता यावी यासाठीच ती रचना आहे.

पण जोडणी अशी असली म्हणून संगणकाने नव्या डिस्कची दखल घेतलीच पाहिजे असे नाही. डेस्कटॉपच्या आतल्या साटा पोर्टला डिस्क लावत असाल तर बायोसमध्ये तो पोर्ट एएचसीआय पद्धतीवर आणि ‘हॉट प्लग’ चालू असावा लागतो. नाहीतर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत डिस्क त्याच्या लेखी नसतेच.

ॲडाप्टर किंवा डॉकमधून लावलेल्या डिस्कची गोष्ट निराळी. लॅपटॉपची ओळख डिस्कशी होत नाही, ॲडाप्टरमधल्या छोट्या चिपशी होते. ही चिप दुभाष्याचे काम करते: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला साटा. म्हणूनच दिवा लागतो, आवाज येतो आणि तरीही डिस्क दिसत नाही. वाड्याचा दरवाजा उघडला म्हणजे आतल्या खोलीची कडी निघाली असे होत नाही. काही स्वस्त चिपा फक्त सुरू होतानाच मागे डिस्क आहे का ते पाहतात. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी डिस्क ॲडाप्टरमध्ये, मग ॲडाप्टरला वीज, आणि शेवटी यूएसबी लॅपटॉपला. उलट क्रमाने लावून ‘बिघडला’ म्हणून परत केलेला ॲडाप्टर मुळात चांगलाही असू शकतो.

कमी दाबाचा पंप

आता विजेकडे येऊ, कारण आमच्या मते निम्मी भानगड इथेच असते. शेतातली मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, आणि दाब कमी असला की नुसती घूं-घूं करते, हे सगळ्यांना माहीत आहे. फिरत्या हार्ड डिस्कमध्येही मोटरच असते. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीॲम्पिअर देतो, ३.० पोर्ट ९००. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर १ ॲम्पिअरच्या आसपास मागू शकते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्ट वेगळे लागतात. ते यूएसबीच्या साध्या पोर्टमधून मिळत नाहीत. त्यासाठी ॲडाप्टरसोबत भिंतीत लावायचा वीजपुरवठा हवाच.

हबने हे प्रकरण आणखी बिघडते. स्वतःची वीज नसलेला चार तोंडांचा हब लॅपटॉपकडून मिळालेले तेच ९०० मिलीॲम्पिअर चौघांत वाटतो. माउस, पेनड्राइव्ह, कीबोर्ड आणि त्यात डिस्क! डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते. पडद्यावर येते आणि गायब होते. अशा वेळी पहिला उपाय फुकटचा आहे. हब बाजूला काढा, डिस्क थेट लॅपटॉपला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला. केबल बदला, शक्यतो आखूड घ्या. मोबाइलच्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यांतून माहिती जातच नाही. हब हवाच असेल तर स्वतःच्या वीजपुरवठ्याचा घ्यावा.

एवढे करूनही डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत राहिला तर तिथेच थांबा. तो विजेचा प्रश्न नसेल तर आतल्या यंत्रणेचा आहे, आणि दर वेळी चालू केल्याने तो वाढतो.

एसएसडीवाल्यांची अडचण वेगळी आहे. एम.२ नावाच्या पट्टीसारख्या एसएसडी दिसायला सारख्याच. पण काही साटा भाषा बोलतात, काही एनव्हीएमई. एकीसाठीचा ॲडाप्टर दुसरीला ओळखत नाही. साटा प्रकाराला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. तरी खात्री लेबल वाचूनच करावी. ॲडाप्टरच्या खोक्यावर नुसते ‘एम.२ साठी’ असे छापून विकणे ही आमच्या मते ग्राहकाची दिशाभूल आहे. कोणती डिस्क चालेल आणि किती वीज लागेल, हे खोक्यावर ठळक असायला हवे.

दिसली, पण उघडेना

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क तिथे बरोबर क्षमतेसह दिसत असेल तर वीज आणि केबलचा प्रश्न सुटला. कधी फक्त ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नसते. ते दिले की काम झाले. पण तिथे ‘रॉ’ किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’ असे दिसले, किंवा वापरण्याआधी फॉरमॅट करण्याबद्दल विचारणारी खिडकी उघडली, तर ‘कॅन्सल’ दाबा. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. डिस्क रिकामी आहे असे तो सांगत नाही.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली डिस्क घ्या. अनेक डीव्हीआर विंडोजला न कळणाऱ्या पद्धतीने चित्रण साठवतात. चोरीचा पुरावा हवा म्हणून घाईने डिस्क लॅपटॉपला लावली आणि ‘इनिशियलाइज’ला होकार दिला, तर पुरावा आपल्याच हाताने धोक्यात येतो. ती डिस्क डीव्हीआरमध्येच लावून चित्रण बाहेर काढावे.

दुसरे उदाहरण बाहेरच्या तयार पेटीतून काढलेल्या डिस्कचे. पेटीचा सॉकेट तुटला म्हणून आतली डिस्क काढून नव्या ॲडाप्टरला लावली, तर क्षमता दिसते आणि माहिती दिसत नाही, असे घडते. काही पेट्यांमधली चिप ५१२ बाइटचे सेक्टर ४,०९६ बाइटचे म्हणून दाखवते. काही पेट्या माहिती कुलूपबंद करूनच लिहितात. मांडणी त्याच चिपला कळते. म्हणून जुनी पेटी आणि तिचा सर्किट बोर्ड फेकू नका. दुरुस्ती सॉकेटची करून घ्यावी.

मोबाइलला ओटीजीने डिस्क लावणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अँड्रॉइड फोन साधारणपणे फॅट३२ वाचतात, बरेच एक्सफॅटही. विंडोजची नेहमीची एनटीएफएस मात्र अनेक फोन वाचत नाहीत आणि ‘डिस्क खराब आहे’ असे सांगून फॉरमॅटचा प्रस्ताव ठेवतात. फोनचा तो प्रस्तावही नाकारावा. शिवाय काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावे लागते आणि काही वेळ वापरले नाही तर ते आपोआप बंद होते.

काढतानाची घाईही महागात पडते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ पद्धत झाली. तरी फाइल लिहिली जात असताना केबल ओढली तर ती अर्धवट राहणारच. ‘इजेक्ट’ दाबावे. हबला दोन डिस्क असतील तर हबची केबल ओढणे म्हणजे दोन्ही एकदम ओढणे, हेही ध्यानात असू द्यावे.

गावोगावच्या संस्थांसाठी मात्र प्रश्न केबलपुरता नाही. सभासदांची खाती, दुधाची बिले, मागच्या वर्षांचे हिशेब एकाच डिस्कवर असतील आणि त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ‘बॅकअप’ असेल, तर तो बॅकअप नव्हेच. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत हवी, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून पाहायला हवी. सचिवांच्या कामाच्या यादीत हे लेखी असावे आणि संचालकांनी मासिक बैठकीत त्याबद्दल विचारावे. दुसऱ्या डिस्कचा खर्च नामंजूर करणारी समिती पुढे माहिती परत मिळवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट रक्कम मंजूर करते.

आणि डिस्क दुरुस्तीला द्यायचीच वेळ आली, तर पावतीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात: डिस्कचा अनुक्रमांक, आणि ‘काहीही फॉरमॅट न करता आधी पूर्ण प्रत काढावी.’